हरी मास्तरांचा प्रश्न

लोळा हरवलेली पितळी घंटा. ती दगडाने वाजवत.

इन्स्पेक्टर नावाची म्हैस. ती दिसली की पोरे उठून उभी राहत, म्हणून हे नाव.

असेंब्लीच्या कामकाजाचा छापील कागद. प्रश्न क्रमांक एकशे बारा.

दासगावची लाँच. ती भरतीला सुटते, कुणासाठी थांबत नाही.

'हजर' हा शब्द, समोरच्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडलेला.

*

"काय बघायला आलात, मास्तर? कुलूप?" गोमाजी ओट्यावरून म्हणाला.

हरी मास्तर दोन तास डोंगर चढून आले होते. पोलादपूरपर्यंत मोटार होती, पुढे पाय. असेंब्लीत निवडून येऊन त्यांना वर्ष झाले होते. त्याआधी पंधरा वर्षे, शाळा सुरू झाल्यापासून, ते याच आंबेकोंडाच्या शाळेवर मास्तर होते. ते घाम पुसत उभे राहिले.

"बस म्हन की त्यांना, बाबा," गोमाजीची लेक आवडी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. नवरा मुंबईला गिरणीत, ती पोरीला घेऊन माहेरी राही.

"मेंबराला मी कोन बस म्हननार? मास्तर व्हते तवा शाळा व्हती. मेंबर झाले नि शाळा गेली. येवढंच मला कलतंय."

मास्तर हसले नाहीत. एरवी गोमाजीच्या टोमण्याला ते टोमण्यानेच उत्तर देत.

*

तेव्हाचे.

पोरे म्हशींमागे माळावर. मग मास्तर हजेरीचा पट बगलेत मारून माळावर जात. एका खडकावर उभे राहून नाव पुकारत. कुठल्या तरी करवंदीच्या जाळीतून, ओढ्यातून, पलीकडच्या उतारावरून उत्तर येई. बेरजा म्हशींच्या, वजाबाकी त्यांच्यातल्या हरवलेल्यांची. पावसात सगळे एका इरल्याखाली कविता म्हणत. नियमात शाळा म्हणजे चार भिंती. मास्तर माळावरची हजेरी भिंतीतली म्हणून लिहीत, आणि त्यांना त्यात कधी खोटे वाटले नाही.

*

खोटे वाटले ते मेंबर झाल्यावर. महाडला शिक्षकांची सभा भरली, तिथे ते म्हणाले, "चार भिंतींत जेवढी मुले दिसतील, तेवढीच लिहा. खरा आकडा द्या. मी तो असेंब्लीत मांडतो आणि डोंगरी शाळांना वेगळा नियम मागतो."

आंबेकोंडावरच्या नव्या मास्तराने, सहदेवने, तो शब्द पाळला.

मग प्रश्न क्रमांक एकशे बारा: वीसपेक्षा कमी हजेरीच्या शाळा किती व कोणत्या?

उत्तराला यादी जोडलेली होती. नियम मागायला मास्तर पुन्हा उभे राहिले, तोवर पुढचा प्रश्न पुकारला गेला होता. महिन्याभरात त्याच यादीवरून शाळा बंद करण्याचे हुकूम निघाले. यादीत सातवे नाव आंबेकोंड, हजेरी अकरा.

*

"गोमाजी, मला बसायला सांगू नका," मास्तर म्हणाले. "आधी ऐका. शाळा दुसऱ्या कुणी बंद केली नाही. प्रश्न मीच विचारला होता."

हे गोमाजीला ठाऊक नव्हते. त्याने नुसता टोमणा मारला होता.

आवडीने विचारले, "मग उत्तर आला काय तुमच्या प्रश्नाचा?"

"आलं."

"काय आला?"

"अकरा मुलं."

"अकरा कमी हायत काय, मास्तर?"

असेंब्लीत अर्धा अर्धा तास बोलणाऱ्या मास्तरांनी तांब्या तोंडाला लावला.

गोमाजी उठला, आत गेला आणि घंटा घेऊन आला. सहदेव जाताना त्याच्या स्वाधीन करून गेला होता. "ही तुमच्याच येळची. न्या."

मास्तरांनी घड्याळ पाहिले. आत्ता उतरले तर दासगावहून मुंबईकडे जायची लाँच मिळणार होती. सोमवारी शिक्षणाच्या खर्चावर मतदान होते.

"मतदानाला आणखी माणसं आहेत," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "आवडी, एखादी कोरी वही आहे?"

वही तुळसाची होती, आवडीच्या लेकीची. मास्तरांनी पट्टीऐवजी चुलीजवळच्या काटकीने रेघा आखल्या, वर महिना लिहिला. मग वही बगलेत, घंटा हातात, पायांत धूळ भरलेले पंप शू, असे ते माळावर चढले. मागून गोमाजी ओरडला, "ओ मेंबर, दगूड विसरलात!" आणि स्वतःच दगड घेऊन मागे निघाला.

घंटा वाजली. म्हशींनी माना वर केल्या. इन्स्पेक्टर म्हातारी झाली होती, तिने तेवढेही केले नाही.

मास्तर खडकावर उभे राहिले आणि एकेक नाव पुकारू लागले. शेवटचे नाव तुळसाचे. पलीकडच्या उतारावरून आवाज आला, "हजर!"

खाली, झाडांच्या पार पलीकडे, भरती लागली असेल.

*

सन एकोणीसशे बावीसच्या जूनमध्ये, आंबेकोंडाची शाळा सुरू झाली त्या दिवशी, हजेरीला एकच मूल होते: आवडी. तिचा पाय मुरगळला होता, म्हणून तिला माळावर जाता आले नव्हते.