पाण्यावरून घेतलेलं माप

निरंजन तानुबाईशी ओरडून बोलायचा. तिला काही कमी ऐकू येत नव्हतं. ती दुसरीपर्यंत शिकलेली होती, एवढंच. अडाणी माणूस म्हणजे बहिरा, असं तो राहायचा त्या वाकडच्या बिल्डिंगीत शिकवतात की काय कोण जाणे. धाकट्या बहिणीचा मुलगा म्हणून तिनं आजवर पोटात घातलं होतं.

चाकणच्या पुढची ही दगडाची खाण नवरा गेल्यापासून तानुबाईच्या नावावर होती. सोळा माणसांची चूल तिच्यावर पेटत होती. परवान्याची मुदत संपत आली आणि नेमका कायदा बदलला. पूर्वी साहेब टेप घेऊन यायचे, चहा प्यायचे, मनाला येईल ती खोली लिहायचे. आता ड्रोननं मोजणी, मग आराखडा, मग सगळं कॉम्प्युटरवरून. तानुबाईला ते आवडलंच होतं. ड्रोनला चहा लागत नाही, म्हणाली होती. मोजणीचं आणि अर्जाचं काम तिनं निरंजनकडंच दिलं होतं.

अर्जाला बुधवारपर्यंत वेळ होता. रविवारी सकाळी निरंजन खाणीवरच्या पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला. तिच्या फोनवर ओटीपी येणार, तो सांगितला की अर्ज गेला. तिनं आधी नकाशा मागितला. अक्षरं अडखळत वाचायची, पण आकडे पक्के. त्यावर खाणीची खोली बावीस फूट.

बारा वर्षं डोक्यावर पाटी घेऊन ती त्या खड्ड्यातून चढली होती. पन्नास फुटांच्या अलीकडे तळ नाही, हे तिच्या गुडघ्यांना ठाऊक होतं. तिनं दारातून पाहिलं. खाण अजून पावसाच्या पाण्यानं भरलेली. ड्रोननं पाण्याची वरची पातळी मोजली होती आणि तिलाच तळ धरलं होतं.

निरंजनला ते माहीत होतं. उलट बरंच झालं म्हणाला. खरी खोली दाखवली तर नियमातली खोलीची हद्द आलीच, जेमतेम दोन वर्षं मिळतील. असं गेलं तर दहा.

खाणीची पूर्वेची भिंत आधीच सरळसोट उभी होती, कधी ढासळेल नेम नाही अशी. तिच्या पायथ्याशी आणखी तीस फूट खणायची मुभा हा कागद देणार, आणि तिथं खाली मुकादम संघर्ष आणि त्याचे गडी सुरुंगाची भोकं पाडणार.

फोनवर ओटीपीचा आकडा आला. निरंजन बोटं सरसावून बसला. तानुबाईनं फोन कमरेला खोचला आणि संघर्षला हाक मारून तिन्ही मोटारी पाण्यात सोडायला सांगितल्या. रात्रंदिवस उपसा, तळ उघडा पडला की पुन्हा मोजणी. निरंजन म्हणाला, बुधवार हुकला तर खाणच जाईल.

“गेली तर गेली,” तानुबाई म्हणाली. “आधीचे सायेब खोटं लिवायचे, पर आमच्याकडं बघायला लाजायचे. तू माझ्याच खाणीवर बसून, माझ्याच नावानं लिवतोस, वर मला शाणपण सांगतोस. कायदा चांगला हाय रं निरंजन, त्याला तुझ्यासारखा माणूस चालायचा न्हाई. बहिणीचा ल्योक म्हणून जेवून जा. माझ्या खाणीचं काम आजपास्नं तुझ्याकडं न्हाई.”