एकमतानं मंजूर

एका यादीतल्या सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलचे साऱ्या जगासाठी नियम ठरवणारी समिती बसली, तेव्हा तिच्यात धावड्यासारख्या खेड्यातला एक माणूस होता, तो मी. माझा भाचा आदिनाथ समितीचा सचिव. त्यानंच मला समितीच्या ईमेल-यादीत घातलं. मी रोज पहाटे सगळ्यांना सुप्रभात धाडायचो. त्याशिवाय युरोपात ऊन पडत नव्हतं.

मंग मी खरी मागणी टाकली: कुणालाही यादीतून काढण्याआधी त्याला सांगितलं पाहिजे. जपानपासून ब्राझीलपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. आपल्या ग्रामसभेत गप्प बसले म्हणजे मंजूर! मी गावभर पेढे वाटले.

दिवाळीला आदिनाथ आला. विचारलं, "काय रे, जपानवाले आठवण काढतात का न्हाई मामाची?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "मामा, त्या यादीत तुम्ही एकटेच उरलेत. लोक सुप्रभातला वैतागले. मी बाकीच्यांची दुसरी यादी केली."

"अन् माझी मागणी?"

"कुणापर्यंत गेलीच न्हाई."

"मला सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही लई खुशीत होते, मामा."

जपानचं मला काही वाटलं नाही. याला मात्र मी खांद्यावर बसवून बाजार दाखवला होता. जेवायला थांब, असं मी त्याला म्हणालो नाही.