तराजूतली सुपारी

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. मळवली स्टेशनजवळ रज्जाकच्या किराणा दुकानात टांगलेला असतो. इंद्रायणी तांदूळ तोलण्यात माझं आयुष्य गेलं. 'काटा चोख आहे' म्हणून कौतुकही झालं. पुढे विजेवरचा काटा आला आणि मी लसूण-सुपारीपुरता उरलो. उरलो ते बरं झालं, माणसांची अक्कल निवांत बघायला मिळाली. फार नाही ती.

एकाच वर्षी रज्जाकला आणि त्याचा दोस्त महिपती याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. दोघांच्याही ग्रंथी पुण्यात शस्त्रक्रिया करून काढल्या. बरा होऊन आलेला महिपती दुकानात शिरला आणि त्याने माझ्या एका पारड्यात सुपारी, दुसऱ्यात पेरू ठेवला.

"ही सुपारी म्हंजी माजी ग्रंथी, आन् ह्यो पेरू रज्जाकभाऊची. सांगा, कुनाचा आजार मोटा?"

पारडं पेरूकडे झुकलं. गिऱ्हाईकं हसली, जणू मी निकालच दिला. अरे शहाण्यांनो, मी पेरू तोलला होता, कॅन्सर नाही.

कॅन्सर परत आला का हे सांगणारा रक्तातला पीएसएचा आकडा तपासायला रज्जाक ठरल्या तारखेला जायचा. महिपती म्हणायचा, "सुपारीएवड्या गोष्टीपायी पुन्याला कशाला?" चहा ढोसत बसलेले रिकामटेकडे माना डोलवायचे. ज्यांना स्वतःची लघवी तुंबलेली सांगायला लाज वाटते, ते दुसऱ्याला सल्ले देत होते.

शेवटी महिपतीची बायको मुक्ताबाई त्याला तपासायला ओढतच घेऊन गेली. परत आल्यावर ती दुकानात उभी राहून सगळ्यांदेखत बोलली.

"डॉक्टर म्हनले, मोटी ग्रंथी नुसत्या वाडीनं बी रगतातला आकडा चडवती, म्हनून तपास लवकर व्हतो, आजार पुष्कळदा मवाळ निगतो. बारक्या ग्रंथीत आकडा चडला, तर लय येळा आजारानंच चडवलेला असतो, आन् तो जहाल निगतो. समद्यांचं तसं न्हाई, पर ह्यांचं तसंच निगालं. आकडा परत चडलाय. आता रेडिएशन घ्यायचं."

हसणारे एकेक करून सटकले. महिपती खाली मान घालून म्हणाला, "रज्जाकभाऊ, येशील का माज्यासंगं?"

"येतो की," रज्जाक म्हणाला. पेरू केव्हाच कुणीतरी खाल्ला होता. सुपारी माझ्या पारड्यात तशीच होती. रज्जाक ती उचलायला गेला, तर मुक्ताबाईने अडवलं.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. बरं व्हऊन आल्यावर ह्यांनीच उचलावी."

मित्रांनो, माझ्यावर कांदे तोला, डाळ तोला. आजार तोलायला डॉक्टरकडे जा, आणि दिलेल्या तारखेला जा. महिपती अजून यायचाय, म्हणून सुपारीचं माझं पारडं अजून खाली आहे. रज्जाकने मला तसंच ठेवलंय.