मी, रंगांचा डबा, आणि कुंकू लागलेलं चित्र

मला जुना म्हणा मित्रांनो, माझी काही हरकत नाही. मोडका मात्र म्हणू नका. माझी एक बिजागरी सैल आहे आणि झाकणावर ओरखडे आहेत, पण पोटातल्या रंगांच्या बाराही वड्या जागच्या जागी आहेत आणि पांढऱ्या रंगाची ट्यूब अजून अर्धी भरलेली आहे. मी जर्मनीत जन्मलो आणि आता स्टुटगार्टमधल्या एका मराठी घरात राहतो. मराठी मला ऐकून ऐकून येते. बोलायला आज पहिल्यांदाच बसलो आहे, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

इथे शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला माझ्यासारखा डबा घ्यावाच लागतो. वह्या-पेन्सिलींच्या यादीत आमचंही नाव असतं. माझी पहिली मालकीण होती लेना नावाची मुलगी. तिनं ओला ब्रश माझ्या निळ्या वडीवर फिरवला आणि कोऱ्या कागदावर टेकवला, तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. निळा रंग पसरला आणि तिथे चक्क तळं झालं! क्षणभरापूर्वी तिथे काही म्हणता काही नव्हतं हो. मी आ वासून बघत राहिलो. इतकी वर्षं झाली, पण कागदावर पहिला रंग पडला की अजूनही माझं तेच होतं.

लेनानं मला चार वर्षं भरपूर राबवलं आणि मग ती मोठी झाली. मी इमारतीच्या तळघरात गेलो. बर्फात घालायचे जुने बूट आणि मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या यांच्यामध्ये अकरा वर्षं काढली. अंधारात लाल काय नि हिरवा काय, सगळे सारखेच. माझा मला विसर पडला होता. मग एके दिवशी कुणीतरी तळघर आवरलं आणि मला एका खोक्यात घालून फुटपाथवर ठेवलं. खोक्यावर चिठ्ठी होती, हवं ते फुकट घेऊन जा. इथली ही पद्धतच आहे.

संध्याकाळी मयुरेश ट्रेनमधून उतरून घरी निघाला होता. तो गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्यानं मला उचललं, उघडलं, झाकलं आणि काखेत मारलं.

"शी! मयुरेश, रस्त्यावरचं काय उचलून आणलंस?" त्याची बायको नंदिनी दारातच म्हणाली. "कुणी बघितलं तर?"

"अगं, इथे सगळे उचलतात. परवा वरच्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची नेली की."

नंदिनीनं नाक मुरडलं खरं, पण तिनंच मला गरम पाण्यानं घासून लख्ख केलं. माझ्या तीन वड्या संपल्या होत्या. इथे सुटी वडीही विकत मिळते. तिनं नव्या आणून बसवल्या आणि मला आपल्या मुलीच्या हाती दिलं.

ती मुलगी म्हणजे उर्जा. वय वर्षं नऊ, दोन वेण्या, नखांत कायम रंग. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला गेली असताना तिच्या मराठीला आतेभावंडं खो खो हसली होती. तेव्हापासून तिनं जे तोंड मिटलं ते मिटलंच. आईवडलांना जर्मन येतं, त्यामुळे घरात कुणाचं काही अडत नव्हतं.

ऑक्टोबरात मयुरेशची आई साताऱ्याहून आली, आणि तेव्हा मात्र अडलं. कुंदाआजी मराठीत विचारायची, उर्जा जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आजी नंदिनीच्या तोंडाकडे बघायची आणि नंदिनी मराठीत सांगायची. असे दोन महिने गेले. एकदा कोथिंबीर निवडता निवडता आजी म्हणाली, "नंदिनी, माझी नात माझ्याशी तुझ्या तोंडानं बोलते गं. जायच्या आधी एकदा तरी ती तिच्या तोंडानं बोलू दे."

"आई, मी तिला किती सांगते..."

"सांगून येतं होय ते?" आजी म्हणाली आणि काड्या गोळा करायला लागली. तिचं परतीचं तिकीट सत्तावीस डिसेंबरचं होतं.

डिसेंबर लागला. शाळेत बाईंनी सांगितलं, नाताळला घरच्यांना विकतचं काही देऊ नका, हातानं करा. उर्जानं तीन चित्रं काढायची ठरवली. बाबांसाठी बोगद्यातून बाहेर येणारी ट्रेन, आईसाठी खिडकीतली तुळस आणि काचेपलीकडचा बर्फ. ही दोन चार दिवसांत झाली. आजीच्या चित्राला नऊ दिवस लागले.

आमचं शहर टेकड्यांचं. घरापासून दुकानापर्यंत शहाण्णव पायऱ्या आहेत. आजी साडीवर मयुरेशचं जुनं जॅकेट घालायची, डोक्यावर जांभळी लोकरी टोपी, आणि कठड्याला धरून एकेक पायरी आडवं पाऊल टाकत चढायची. उर्जा नेहमी तिच्या दहा पायऱ्या पुढे असायची. घरी आजीच गमतीनं म्हणायची, "मागे कुणी म्हातारी येतेय, याचं या पोरीला भानच नाही."

मलाही तसंच वाटलं होतं. पण कागदावर जे उतरायला लागलं ते बघून मी थक्क झालो. कठड्यावर उजवा हात, कारण डावा गुडघा दुखरा. बर्फात भिजू नयेत म्हणून वर खोचलेल्या निऱ्या. कमरेला रुमाल. पिशवीचा शिवलेला बंद, तोही काळ्या दोऱ्यानं. आणि वर बघणारा दमलेला, हसरा चेहरा. अबब! ही पोर दहा पायऱ्या पुढे राहून मागचं एकूण एक बघत होती तर. टोपीचा जांभळा जमेना म्हणून तिनं दोन दिवस माझ्या झाकणात रंग कालवले. माझ्या पोटात इतकी माया दडलेली असेल असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. खरं तर माया तिची होती, रंग तेवढे माझे.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी इथे भेटी उघडतात. मयुरेशनं ट्रेन बघून शिट्टी वाजवली. नंदिनीनं तुळस छातीशी धरली. आजीनं मात्र चित्र उघडलं आणि ते दिव्याखाली नेऊन जवळून बघितलं.

"ही... मी?" ती म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. उर्जानं मान डोलावली. कान लाल झाले होते.

आता पुढचं ऐका. आजीची एक जन्माची सवय आहे. नवीन वस्तू घरात आली की आधी हळदीकुंकू, मग वापर. फ्रिजला लावलं, गाडीला लावलं, मयुरेशच्या लॅपटॉपलाही लावलं होतं. ती तशीच उठून देवाजवळ गेली, कुंकू पाण्यात चांगलं ओलं कालवलं आणि चित्राच्या वरच्या कोपऱ्यात कौतुकानं बोट टेकवलं.

मित्रांनो, माझे रंग वाळले तरी पाण्याला शरण जातात. तो आमचा स्वभाव आहे. कुंकवाचा थेंब आभाळातून खाली घसरला, निळ्याला बरोबर घेऊन टोपीवर आला. आजी घाबरली आणि तिनं झटकन पदरानं पुसलं. झालं! पदराबरोबर चेहराच निघून आला.

"नाइन!" उर्जा किंचाळली. "कापुट! आलेस कापुट!"

नाही! सगळं मोडलं, खराब झालं, असा त्याचा अर्थ. या वेळी आजीला कुणी सांगावं लागलं नाही. उर्जाच्या खोलीचं दार धाडकन लागलं. "अगं, मी कौतुकानं लावलं गं," आजी दाराशी उभी राहून म्हणत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घट्ट चिकटून बसणारा रंग मी का झालो नाही!

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुकानं बंद, रस्ते चिडीचूप. सकाळी आजीनं टेबलावर मला उघडलं. तिनं आयुष्यात कधी ब्रश धरला नव्हता. शाळेत पाटी-पेन्सिल, पुढे लाटणं आणि झारा. तिनं ब्रश वाटीत बुचकळला, माझ्या लाल वडीवर गरागरा फिरवला आणि कागदावर असं काही पाणी ओतलं की कागद पापडासारखा वाकडा झाला.

उर्जाचं दार किलकिलं झालं. ती बघत होती.

"निष्ट झो फील वासर," ती हळूच म्हणाली. इतकं पाणी नको, असं ते होतं. आजीनं वर पाहिलं, गोड हसली आणि ब्रश पुन्हा वाटीत बुडवला. उर्जा दोन पावलं पुढे आली. पुन्हा तेच जर्मनमध्ये, जरा मोठ्यानं. आजीनं पुन्हा बुडवला. नंदिनी स्वयंपाकघरातून सांगायला निघाली होती. मयुरेशनं तिचा हात धरला.

तिसऱ्यांदा ब्रश वाटीत गेला तेव्हा उर्जाला राहवेना.

"आजी, पाणी कमी घे ना!"

तव्यावरची पोळी करपली, तरी कुणी हललं नाही. माझी सैल बिजागरीसुद्धा थरथरली. इतके रंग पाहिले मी, पण असलं काही माझ्यासमोर कधी घडलं नव्हतं. आणि आजीचं धोरण बघा. तिनं ना टाळी वाजवली, ना मुका घेतला. जसं काही रोजचंच आहे अशा आवाजात म्हणाली, "असं होय? मग किती घेऊ?"

"एक थेंब. आणि आता सुकू दे. हात नाही लावायची."

"नाही लावत. मग पुढे?"

"पुढे पिवळा. तो नाही गं! तो दुसरा."

शब्द चुकत होते, मध्येच एखादा जर्मन घुसत होता, पण आजीनं एकही शब्द सुधारला नाही. दोन तास चाललं होतं ते. आजीच्या कागदावर एक गोल आणि त्याला शेवग्याच्या शेंगांसारख्या दोन वेण्या उमटल्या.

"कोण आहे ही?" उर्जानं विचारलं.

"तू!"

उर्जा इतकी हसली की पाण्याची वाटी माझ्यावर कलंडली. मी भिजून चिंब झालो आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

ती आजीला पायऱ्यांचं नवं चित्र काढून देणार होती. आजी ऐकेना. "नवं कशाला? यात तुझी मेहनत आहे आणि माझा आगाऊपणाही आहे. मला हेच हवं."

सत्तावीसला सकाळी दारात बॅगा लागल्या. आजी बूट घालत होती. उर्जानं दोन पुठ्ठ्यांत बांधलेलं चित्र तिच्या हातात दिलं आणि बजावलं, "आजी, ऐक. ऊन नको. पाणी नको. कुंकू पण नको."

"बरं बाई. आणि मी विसरले तर?"

उर्जानं जरा विचार केला. "मग फोन कर. मी सांगेन तुला."

आजीच्या एकाच पायात बूट होता. ती तशीच खाली बसली आणि तिनं उर्जाला पोटाशी धरलं. बाहेरून मयुरेश ओरडत होता, "आई, चल गं, ट्रेन चुकेल!" कुणाचं लक्ष होतं त्याच्याकडे?

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा डबा कुठेतरी पडलेला असेल. त्याला बाहेर काढा. सणाला आपल्या माणसासाठी चित्र जरूर काढा, पण कधीतरी त्या माणसाच्याही हातात ब्रश द्या. त्याचं चुकेल तेव्हा त्याला सांगा, जशी येईल तशा भाषेत सांगा. आणि डबा पुरता वाळल्याशिवाय झाकण लावू नका, ओल्या रंगांना बुरशी येते. मला इतक्यात मिटायचं नाही. मला अजून बघायचं आहे.