चार भोकं

आम्ही अकरा घरं बदलली आणि अकराच्या अकरा घरांत एकही खिळा ठोकला नाही. लोकांना खोटं वाटतं. आरसा टेबलावर भिंतीला टेकून उभा, कॅलेंडर खिडकीच्या कडीला, घड्याळ कपाटावर पाठ टेकून बसलेलं. घर सोडताना मालकीण भिंतीवरून तळहात फिरवत फिरायची. एकीला चष्मा लावूनही काही सापडलं नाही, तेव्हा बिचारी हिरमुसली. तिला काय ठाऊक, आधीच्या भाडेकरूंनी पाडलेली भोकंसुद्धा मी टूथपेस्टने बुजवून ठेवली होती.

माझं कामच ते. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात रफू करते. सिगरेटने जळलेला कोट असो की कसरीने खाल्लेली शाल, मी हात फिरवला की भोक कुठे होतं ते मालकालाही सांगता येत नाही. आमचे हे चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. बिनफ्रेमच्या चष्म्याला भिंगातच बारीक भोक पाडावं लागतं, आणि ते काम त्या दुकानात यांच्याशिवाय कुणाच्या हातात देत नाहीत. थोडक्यात काय, घरात एक भोक पाडणारा आणि एक बुजवणारी. आई म्हणायची, देवाने जोडी बघून दिली हो.

बारावं घर आमचं स्वतःचं. तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागच्या खोलीला लागून बाथरूम. ती मागची खोली आईची. खरं तर घर घेतलं तेच आईसाठी. ती दादाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून दोन वर्षं ती खाली उतरली नव्हती. मला एकदा म्हणाली, "मने, मला एवढंच वाटतं गं, दारात खुर्ची टाकावी आणि येणारी-जाणारी माणसं बघावी. वरून नुसती त्यांची टाळकी दिसतात." मी तिला वचन दिलं होतं, खुर्ची मी टाकीन.

पहिले पंधरा दिवस घर अंगाशी येतं की काय असं झालं. भाड्याच्या घरात राहून राहून आम्ही पार आळसावलो होतो. नळ गळायला लागला तर मी दोन दिवस त्याखाली बादली ठेवून वाट बघत बसले.

"कुणाची वाट बघतेस?" यांनी विचारलं.

"मालकाला निरोप दिला नाही का तुम्ही?"

"मालक आपणच आहोत."

"मग सांगा की त्यांना! बाईमाणसाने किती ओरडायचं?"

दोघंही हसत सुटलो, आणि मग हे वॉशर आणायला गेले. टाकी कशी धुवायची, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते, पन्हाळीत पानं अडकली की पाणी कोणत्या भिंतीतून येतं, कोणतं बटण कोणत्या दिव्याचं, हे सगळं आम्ही पन्नाशी उलटल्यावर शिकलो. मी रोज सकाळी सगळ्या घराची फरशी पुसायची आणि संध्याकाळी पुन्हा पुसायची. हे म्हणायचे, अगं झिजेल ती. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे नव्वद झाले असते.

त्यातही माझा जीव बाथरूमच्या टाइल्समध्ये. सात दुकानं पालथी घातली होती त्यांच्यासाठी. दुधात चहाचे दोन थेंब पडावेत असा रंग. दुकानदाराने बजावलं होतं, हा शेवटचा लॉट, एखादी फुटली तर अशी परत मिळायची नाही. मिस्त्रीच्या बोकांडी बसून मी प्रत्येक सांधा जुळवून घेतला होता.

आई आली. भिंती चाचपत चाचपत अख्खं घर बघितलं आणि दारातल्या खुर्चीवर जी बसली ती जेवायलाच उठली. चार दिवसांत तिला गल्लीतल्या सगळ्यांची खबर. कोण कामावर उशिरा जातो, कुणाच्या कुत्र्याचं कुणाशी पटत नाही. रोज संध्याकाळी मी दुकानातून आले की मला दिवसभराचं वर्तमानपत्र तोंडी मिळायचं.

दुसऱ्या रविवारी यांनी बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा आणला. हातभर लांब, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू. आईला कपड्यांनिशीच स्टुलाजवळ उभं केलं आणि म्हणाले, "डोळे मिटा आणि उठताना जातो तसा हात पुढे करा." आईने हात केला. तो जिथे टेकला तिथे यांनी पेन्सिलीने चार खुणा केल्या.

मी पोछा घेऊन आले तर यांच्या हातात ड्रिल मशीन.

"थांबा, थांबा! काय करताय?"

"दांडा बसवतोय."

"टाइलला भोक?"

"मग काय हवेत बसवू?"

"तडा गेला तर? परत मिळायची नाही तशी."

"भिंगाला जात नाही, टाइलला जाईल होय?" हे हसत म्हणाले.

मला ते ठाऊक होतं. तडा जाणार नाही हे मला शंभर टक्के ठाऊक होतं. तरीही मी म्हटलं, "जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती सांभाळल्या. आता आपली एक भिंत वर्षभर तरी अख्खी राहू द्या की. खाली रबराची चटई टाकू. आणि तिच्या आंघोळीच्या वेळी मी असतेच ना घरात."

यांनी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत होती. तिला माझा चेहरा लहानपणापासून वाचता येतो. म्हणाली, "राहू द्या हो जावईबापू. मी नळाला धरते की. चार दिवसांची पाहुणी मी, माझ्यासाठी कशाला भिंत खराब करता?"

पाहुणी नाहीस तू, असं मी तेव्हा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघा, आईलासुद्धा कळतं." हे दांडा कपाटात ठेवून आले. मी ओल्या फडक्याने त्या चार खुणा पुसल्या. स्वच्छ पुसल्या, अगदी माझ्या कामासारख्या.

आमच्याकडे आल्याच्या एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी आई पडली. मी स्वयंपाकघराची खिडकी पुसत होते. आवाज फार मोठा नव्हता. धावत गेले तर ती भिंतीला लागून कुशीवर पडलेली आणि नळ धो धो वाहत होता. उठताना तिने नळाला धरलं, नळ हातात फिरला, गरम पाणी अंगावर आलं, ती दचकली. मला बघून पहिलं काय बोलली? "मने, आधी नळ बंद कर, पाणी वाया चाललंय."

खुब्याचं हाड मोडलं होतं. दादा दवाखान्यात आला तो कामाच्याच कपड्यांत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "धरायला काही नव्हतं तिथे?"

मी तोंड उघडलं. त्याआधी हे म्हणाले, "दांडा आणून ठेवला होता. माझ्याकडून राहून गेलं."

"राहून गेलं?" दादाचा आवाज चढला. "दीड महिन्यात एक रविवार सापडला नाही तुम्हाला? दिवसभर भिंगांना भोकं पाडता आणि घरात म्हातारीसाठी चार भोकं होत नाहीत?"

हे खाली बघत उभे राहिले. आणि मी गप्प बसले. माझ्या तोंडाचा पट्टा सतत चालू असतो असं सासर-माहेर दोन्हीकडे एकमताने म्हणतात. त्या दिवशी त्या तोंडाला कुलूप लागलं. दादा जे जे बोलला ते मी माझ्या नवऱ्याच्या अंगावर पडू दिलं, आणि स्वतः आईची पिशवी आवरत बसले.

ऑपरेशन झालं. बारा दिवसांनी दादाने आईला आपल्याकडे नेलं. दोन माणसांनी खुर्चीवर बसवून तिला तीन जिने वर चढवलं. मला म्हणाला, "भेटायला तू ये. एकटी ये."

त्या संध्याकाळी मी यांना विचारलं, "का खोटं बोललात?"

हे रबराची चटई वाळत घालत होते. म्हणाले, "आई तुझी. भाऊ तुझा. माझ्याशी बोलले नाहीत तर माझं काय अडतंय? तुझ्याशी बोलले नाहीत तर तू काय करशील?"

मी घरात गेले आणि फरशी पुसली. दुसरं काय करणार? पण आता ती पुसताना मला स्वतःची शिसारी यायची. बाथरूममध्ये त्या टाइल्स लखलखत होत्या, एकीवरही ओरखडा नाही. दारातली खुर्ची मी आत घेतली, तर गल्लीतल्या बाया येऊन विचारू लागल्या, आजी कधी येणार? येतील, म्हणायची. मला खरंच वाटत होतं की येईल. ती परत त्या खोलीत आली तरच मला या घरात राहता येणार होतं, नाहीतर हे बारावं घरही मी दुसऱ्याचंच म्हणून पुसत बसले असते.

चार बुधवार मी एकटी दादाकडे गेले आणि चारही वेळा खरं न सांगता परत आले. हे खाली, खिडकीतून दिसणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी थांबायचे. दादा त्यांना वर बोलवायचा नाही, आणि हे चढायचे नाहीत. चौथ्या बुधवारी उतरताना मला दिसलं, हे पायरीवर रुमाल टाकून बसले होते आणि वरच्या मजल्यावरच्या कुणाला तरी वाट द्यायला अंग चोरून उठले. साठीला टेकलेला माणूस, चोर नसताना चोरासारखा.

त्या रविवारी मी कपाटातून दांडा काढला आणि यांच्यासमोर ठेवला. "बसवा."

"कुणासाठी?"

"आईसाठी. मी आणणार आहे तिला."

पण खुणा मीच पुसलेल्या. मग मी स्टुलाजवळ उभी राहिले, गुडघे वाकवले, पाठ वाकवली, आईच्या उंचीला आले. डोळे मिटून हात पुढे केला. तो टेकला तिथे यांनी पेन्सिल लावली. मशीन सुरू झालं. थोडी पांढरी पूड खाली पडली. तडा तर सोडाच, कडेला टवकाही उडाला नाही. दांडा घट्ट बसला तेव्हा मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं झाली होती. अख्खा रविवार नव्हे, दहा मिनिटं.

बुधवारची वाट न बघता आम्ही तसेच निघालो. जिन्यापाशी मी म्हटलं, "वर चला." हे म्हणाले, "आधी तू जा." मी तीन जिने चढले. दादा खिडकीशी काहीतरी वाचत होता, वहिनी तिथेच पलंगावर उशांना टेकून बसलेल्या आईला चहा पाजत होती. मी चप्पलही काढली नाही.

"दादा, दांडा मी बसवू दिला नाही. हे मशीन घेऊन उभे होते. मी अडवलं. टाइल खराब होईल म्हणून."

वहिनीने कप खाली ठेवला. दादा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई, तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"मी तिथेच उभी होते," आई म्हणाली. "जावयांनी दवाखान्यात खूण केली, बोलू नका म्हणून. ते बिचारे इतके दिवस खाली बसतात. मला इथून त्यांचं टाळकं दिसतं."

दादा उठला, दाराकडे गेला आणि जिन्यात वाकून यांना हाक मारली. "वर या." मग मागे वळून मला म्हणाला, "तुझी टाइल," आणि आत निघून गेला.

मी आईच्या पलंगाशी बसले. "आई, आज बसवला दांडा. पक्का बसलाय. डॉक्टर म्हणालेत ना, महिन्याभरात वॉकरवर चालशील? मग खुर्चीवर बसवून खाली उतरवू. दारात खुर्ची टाकते पुन्हा."

तिने माझा हात थोपटला. "नको मने. मला आता आंघोळीचीच भीती वाटते. सूनबाई इथे पडल्या पडल्या अंग पुसून देते, तेवढं बरं आहे. त्या बाथरूममध्ये पाय टाकायचा म्हटलं की आत्ताच अंग थरथरतं बघ."

"मी धरीन तुला. एकटं सोडणार नाही."

"धरशील गं." ती माझ्याकडे बघून हसली. "पण नको. वय झालं, आता धाडस होत नाही. चाळीस दिवस बसले ना तुझ्या दारात? खूप झालं. खूप मजा आली मला."

हे दारात येऊन उभे होते. आईने त्यांना बघितलं आणि तिला एकदम आठवल्यासारखं झालं.

"जावईबापू, टाइल फुटली नाही ना?"

"नाही," हे म्हणाले.

"हां. नाहीतर हिचा जीव हळहळला असता."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मी उलट बोलून मोकळी झाले असते. तिला खरोखर माझ्या टाइलची काळजी होती. मी तिच्या उशाशी डोकं टेकून रडले आणि ती माझ्या केसांतून हात फिरवत, उगी, उगी, एवढं काय झालं, असं म्हणत राहिली.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "काढू का तो? भोकं तू बुजवशील, कळणारसुद्धा नाहीत."

"राहू द्या," मी म्हटलं.

दांडा तिथेच आहे. त्याच्यावर मी टॉवेल टाकू देत नाही. आंघोळीनंतर उठताना मी त्याला धरते. तो आईच्या उंचीला बसवलाय, त्यामुळे मला खाली वाकावं लागतं. रोज सकाळी मी वाकते.