बावन्नाव्या भागानंतर

सौदीतल्या हुफूफच्या कामगार कॅम्पात आमच्या खोलीत एकच टीव्ही, आणि गुरुवारी दुपारी साडेचारला त्यावर माझा हक्क. एक जुनं जपानी कार्टून लागायचं, अरबीत बोलणारं. इमारतीएवढा रोबोट आणि त्याच्या छातीत बसून तो चालवणारा, आपल्या मुलखापासून लांब अडकलेला एक जण. मी वेल्डर. मला पहिल्यांदा दिसले ते रोबोटच्या खांद्याचे सांधे. असलं काम आमच्या फोरमनने पास केलं नसतं.

अरबी मला इकामा म्हणजे राहायचा परवाना आणि यल्ला म्हणजे चल लवकर, एवढ्यापुरतंच येतं. त्यामुळे गोष्ट मीच लावायचो. एक दाढीवाला सारखा ओरडायचा, अगदी फोरमनसारखा, म्हणून त्याला मी दुष्मन ठरवून टाकलं. शुक्रवारी गावी फोन लावून हे सगळं अमिताला, माझ्या सात वर्षांच्या पोरीला सांगायचो. त्याआधी ती फोनवर टिकायचीच नाही. 'जेवलीस का' विचारलं की 'हो' म्हणून पळाली. रोबोट आल्यापासून मात्र फोन तीच उचलायची. माझा अख्खा आठवडा त्या फोनवर निघायचा.

खोलीतला सिराजुद्दीन म्हणाला, एकूण भाग बावन्न. माझी गावी जायची सुट्टीही बावन्नावा लागेल त्याच सुमारास होती. मी मोठ्या तोऱ्यात अमिताला सांगून टाकलं, "बावन्नाव्या भागात तो घरी जाईल, आणि त्याच्या मागोमाग मी."

बावन्नावा भाग लागला आणि तो घरी गेला. माझ्या सुट्टीचं विचारलं तर कफील, म्हणजे ज्याच्या परवान्यावर मी इथे होतो तो मालक, म्हणाला, "रमजाननंतर." रमजान नुकताच संपला होता, म्हणजे आणखी एक वर्ष. मी रडणाऱ्यातला नव्हे, पण त्या दिवशी चादर तोंडावर घेऊन रडलो.

शुक्रवारी त्रेपन्नावा भाग मनानेच रचला. "वाटेत रोबोटचा हात तुटला," मी सांगत सुटलो. "आता तो वेल्डर शोधतोय."

ती म्हणाली, "बाबा, शेजारी सुहासिनीकाकूंकडे हा रोबोट रोज लागायचा, हिंदीत. दसऱ्यालाच संपला. तो गेला घरी."

माझे कान तापले.

"आणि तो दाढीवाला चांगला आसतो. तुमी उगाच त्याला दुष्मन केलात."

"मग इतके शुक्रवार ऐकत का बसलीस?"

"तुमचा येगळा आसतो म्हणून." मग तिने विचारलं, "तुमी आता येत नाय ना?"

थाप मारायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "नाही गं," मी म्हणालो.

"मग संपवू नका. तुमी येईपर्यंत चालू ठेवा." तिने नाक ओढलं. "सांगा ना. हात कोणी जोडला?"

माझ्यामागे फोनसाठी रांग लागली होती, आणि सगळे यल्ला यल्ला करत होते. मी त्यांच्याकडे पाठ फिरवली, गोष्टीत दाढीवाल्याला बोलावलं आणि वेल्डिंगचं मशीन त्याच्या हातात दिलं.