उशाकडचे ठोकळे

किमो सुरू झाल्यापासून सुतारबाबांच्या घशाशी सारखं आंबट यायचं, छातीत आग व्हायची. पण त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. सून शाळेत शिकवून दमून यायची, तरी त्यांच्यासाठी वेगळं, बिनतिखटाचं रांधायची आणि ताट भरभरून वाढायची. "बाबा, खाल्लं नाही तर अंगात ताकद कुठून येणार?" म्हातारा मुकाट्याने ताट चाटूनपुसून रिकामं करी. तिचं मन मोडवत नव्हतं.

रविवारी दुपारी ती चादर बदलायला खोलीत गेली, तर पलंग रिकामा. बाबा खुर्चीत बसल्याबसल्या पेंगत होते आणि मुठीत दुकानातून आणवलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी होती.

"हे काय, बाबा?"

"आडवं झालं की जळजळतं गं. पण तू इतक्या मायेनं वाढतेस..."

"म्हणून जळत बसायचं? मी तुमची सून आहे की सासू, एवढं घाबरायला?"

ती चिडली खरी, पण डोळे भरून आलेच. तिने लगेच हॉस्पिटलातल्या नर्सला फोन लावला. नर्सने खोदून खोदून चौकशी केली.

"आधी त्या गोळ्या थांबवा," ती म्हणाली. "किमोच्या औषधांशी सगळ्याच जमत नाहीत. उद्या डॉक्टरांना दाखवा. तोवर थोडं थोडं खायला द्या, जेवल्यावर दोनतीन तास आडवं होऊ देऊ नका आणि पलंग उशाकडून वीतभर उंच करा."

पलंगाचं नाव निघताच बाबांचा चेहरा खुलला. करवत धरायचं बळ हातात नव्हतं म्हणून ती सुनेच्या हाती दिली, जीभ मात्र शाबूत होती.

"अगं, करवत आहे ती, खडू नाही! दाबू नकोस, सरकू दे."

घामाघूम होऊन सुनेने पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली ठेवायला दोन ठोकळे कापले. एक जरासा तोकडा निघाला आणि पलंग डुगडुगला.

"कुणाच्या हाताखाली शिकलीस?"

"तुमच्याच!"

बाबा पोट धरून हसले आणि त्यांनी तोकड्या ठोकळ्यावर पुठ्ठ्याची घडी ठेवायला लावली.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी औषध दिलं, वेळाही ठरवून दिल्या. ताटाऐवजी लहान वाटी आली, दिवसातून पाचसहा वेळा. बाबा आता बिनदिक्कत "पुरे" म्हणू लागले. आग पुरती विझली नाही, पण डोळा लागू लागला.

एका दुपारी सून पेपर तपासत बसली होती. आतून घोरणं ऐकू आलं.

"केवढं घोरतात!" नवरा उठला. "दार लोटून घेतो."

"राहू दे उघडं," ती म्हणाली. "किती दिवसांनी ऐकतेय."